सातवा बोळा

घराला कुलूप लावून आम्ही दोघं निघालो की मी चार पावलं जातो आणि परत फिरतो. कुलूप ओढून बघतो. पुन्हा चार पावलं जातो, तोवर गॅसचं बटण आठवतं. माझी बायको मंदा पिशवी घेऊन फाटकापाशी उभी असते. "या बघून," ती म्हणते, "नाय बघितलं तर कुलपाला वाईट वाटंल." लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी तिला हा विनोद शिळा वाटत नाही. मलाही त्याचा राग येत नाही, कारण ज्या धंद्यात मी आयुष्य घालवलं तो धंदाच मुळी भित्र्या माणसाचा आहे.

मी हत्यारांचा मिस्त्री. फौजेत त्याला आर्मरर म्हणतात. बावीस वर्षं फौजेत काढली, मग मुरबाडला घरी आलो आणि टोकावडे रस्त्यावरच्या एका रायफल क्लबात लागलो. क्लब म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे काही येतं ते पुसून टाका. डोंगराला पाठ लावलेली पत्र्याची लांबट शेड, समोर पन्नास मीटरवर मातीचा उंच बांध, आणि कोपऱ्यात लोखंडी दाराची एक खोली. हत्यारं ठेवायच्या या खोलीला आम्ही फौजेच्या सवयीने कोत म्हणायचो. कोतात पॉइंट टू टूच्या सात रायफली होत्या. त्या सातांची तब्येत सांभाळणं एवढंच माझं काम.

लग्नाच्या पंगतीत हटकून कोणीतरी विचारतं, "काका, किती पाडले?" खरं उत्तर दिलं तर जेवणाची मजा जाईल, म्हणून मी नुसता हसतो. खरं उत्तर असं की मी जेवढ्या गोळ्या झाडल्या, त्याच्या शंभरपट चिंध्या काळ्या केल्या.

या कामात असं काय आहे, तेही सांगतो. पॉइंट टू टूचं काडतूस करंगळीच्या पेराएवढं लांब आणि पेन्सिलीहून बारीक. मोठ्या काडतुसाच्या बुडात मधोमध एक टिकली असते, तिच्यावर ठोका बसला की दारू पेटते. या छोट्याला टिकली नसते. पेटणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि ठोका त्या कडेवर बसतो. म्हणून याला रिमफायर म्हणतात. गोळी नुसत्या शिशाची, वरून मेणाचा हात फिरवलेला. त्यामुळे झाडून झालं की नळीत शिसं, मेण आणि काजळी असा थर बसतो.

नवशिक्याला वाटतं, मग रोज घासा. इथेच तो फसतो. या रायफलीला नळीत थोडं मेण लागतंच. नळी पार लख्ख केली की पहिल्या दहापंधरा गोळ्या वाट फुटेल तिकडे जातात. मेणाचा थर पुन्हा बसला की मग ती शहाण्यासारखी वागते. घासून ठेवलेल्या बिडाच्या तव्यावर पहिले दोन घावन चिकटतातच, तसंच हे. म्हणून मॅच जवळ आली की मी रायफल बाहेरून पुसत असे, नळीला हात लावत नसे.

बाकीचे नियम सोपे. साफ करायचा गज मागच्या बाजूने घालायचा, पुढून कधीही नाही, कारण नळीचं पुढचं तोंड घासलं गेलं की निशाणा कायमचा बिघडतो. काम संपलं की नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरायची आणि आरपार बघायचं. उजेडाची गोल टिकली दिसली पाहिजे. शेवटी साबणाने हात धुवायचे, कारण हाताला लागलेलं शिसं पोटात गेलं तर वाईट. मुलं प्रॅक्टिस संपली की तसेच हात भेळीत घालायची आणि मी ओरडायचो, "जा, आधी हात धुवा!" पाठीमागे त्यांनी माझं नाव हातधुवे काका ठेवलं होतं. तोंडावर नुसतं काका.

आणखी एक नियम मी स्वतः केला होता. नळीत मी बघणार, तुम्ही समोरच्या टार्गेटकडे बघा. पोरांनी नळीत डोकावलेलं मला खपत नसे. या नियमाचा मला फार अभिमान होता.

नळीत बघण्याचं एवढं काय? नळीत काही अडकलेलं असताना मागून गोळी सुटली, तर नशीब चांगलं असेल तर नळीला फुगवटा येतो आणि रायफल भंगारात जाते. नशीब फिरलं तर स्फोट मागच्या तोंडाने बाहेर येतो, आणि तिथेच नेमबाजाचा गाल टेकलेला असतो. फौजेत मी असा एक डोळा पाहिला आहे. त्याबद्दल जास्त लिहिणार नाही, पण तेव्हापासून मी कुलपं ओढून बघायला लागलो.

माझं घाबरणं किती थराला जातं त्याचा एक नमुना सांगतो. टोकावड्याकडे फार्महाऊस बांधलेले एक गृहस्थ एकदा क्लबात आले. खिशातून लोकरी मोजा काढला आणि मोज्यातून वीतभर काळी नळी. "भावाने परदेशातून दिली," ते म्हणाले. "आत काहीतरी खुळखुळतंय. जरा साफ करून द्या." ती रायफलीच्या तोंडाला बसवायची आवाज कमी करणारी नळी होती, साउंड मॉडरेटर. काही देशांत म्हणे शेतकरीसुद्धा वापरतात. आपल्याकडे तुम्हीआम्ही ठेवायची वस्तू नाही ती. फौजेत असताना अशा नळ्या माझ्याकडे साफ करायला यायच्या. त्यांच्या पोटात पडद्यांचे कप्पे असतात आणि शिशाची धूळ नि मेण तिथे दगडासारखं जमतं. हातात घेतली की नुसत्या वजनावरून कळतं, साफ करायची वेळ झाली की नाही. आताही हात शिवशिवले, खोटं कशाला बोलू? पण मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिलो.

"साहेब, ही उचला, चांगला वकील गाठा आणि पोलिसात जमा करा."

"फौजी असून घाबरता?" ते हसले.

"फौजी आहे म्हणूनच घाबरतो."

ते रागावून निघून गेले. मी टेबल दोनदा पुसलं, क्लबात नेमबाजी शिकवणाऱ्या देसले सरांना सगळं सांगितलं, आणि पुढचे आठ दिवस फाटकापाशी जीप थांबली की मी पोलीस आले समजून उठून उभा राहायचो. जीपमधून उतरायची शाळेची पोरं.

तसाही तो आवाज दाबणं मला पटत नाही. मिस्त्री रायफल कानाने ओळखतो. मी कोतात बसून सात रायफलींचे आवाज वेगवेगळे ओळखत असे. एखादी गोळी कमी दारूची निघाली, आवाज बसका आला, की उठून "थांबा" म्हणत असे. गावच्या सरपंचांना मात्र हे पटवणं कठीण होतं. "म्हशी दूध चोरतात तुमच्या आवाजानं," असं त्यांचं म्हणणं. "मोटरसायकलला सायलेन्सर असतो, तुमच्या बंदुकीला नाय का रे लावता येत?" ही तक्रार घेऊन ते दर महिन्याला यायचे. त्यांच्या अशाच एका फेरीमुळे पुढचं सगळं घडलं.

दर्शना टोकावड्याची. वडिलांचा माळशेज रस्त्यावर ढाबा. शाळा सुटली की एसटीने क्लबात यायची, दप्तर खुंटीला लावायची आणि कोणाशी न बोलता चटईवर पालथी पडायची. बोलायला कंजूष. नेम धरला की ती श्वास घेते की नाही, असा मला प्रश्न पडायचा. क्लबाने आजवर जी पोरं घडवली त्यांत हिच्यासारखी झाली नव्हती, हे सर सांगत आणि मलाही कळत होतं. त्या वर्षी दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी शहापूरच्या पुढे, भातसानगरच्या रस्त्याला मोठी मॅच होती. त्यातून राज्याच्या संघात एकीचीच निवड व्हायची. तिच्या वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी मोठ्यांत जावं लागणार, आणि मोठ्यांच्या स्पर्धेला लागणारी स्वतःची रायफल ढाब्याच्या गल्ल्यातून येणार नव्हती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा. शेडमध्ये सतरंजी घालून साती रायफली ओळीने ठेवायचो, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, अक्षता, सगळं यथासांग. मंदा निरांजन आणि नैवेद्य घेऊन घरून यायची. पण पूजा ही हत्यारांना मानवत नाही. एका वर्षी एका रायफलीच्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या खाचेत, मला तांदळाचा दाणा सापडला होता, तेलात भिजून चिकटलेला. तेव्हापासून मी युक्ती काढली. मंदाच्या वातींचा कापूस घ्यायचा, त्याचे सात घट्ट बोळे वळायचे, बंदुकीच्या तेलात बुडवायचे आणि पूजेआधी साती नळ्यांच्या तोंडात आत दाबून बसवायचे. पूजा झाली की बोळे काढायचे, पितळी वाटीत टाकायचे, मोजायचे, आणि प्रत्येक नळीतून आरपार बघूनच रायफल कोतात ठेवायची.

त्या वर्षी पूजा झाली. मी बोळे काढायला सुरुवात केली आणि सरपंच आले. म्हशी, दूध, सायलेन्सर. मी एका हाताने काम करत त्यांना उत्तरं देत होतो. त्यातच मंदाशीही वाजलं. निरांजनाला कसलातरी उग्र वास येत होता, धूर होत होता. "तूप जुनं आणलंस," मी म्हणालो. "तूप कालच कढवलंय," ती म्हणाली आणि तोंड फिरवून प्रसाद वाटायला लागली. सरपंचांना चहा दिला, त्यांना फाटकापर्यंत पोचवलं, रायफली कोतात लावल्या, कुलूप घातलं. कुलूप दोनदा ओढून बघितलं. वाटीतले बोळे मोजले नाहीत.

मॅचच्या आदल्या दिवशी देसले सर दर्शनाला आणि तिच्या रायफलीला घेऊन गाडीने शहापूरला गेले. तिथे त्यांची बहीण असते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोत झाडायला गेलो. पितळी वाटी तशीच पडली होती, म्हटलं घासून ठेवावी. बोळे कागदावर ओतले आणि सवयीने मोजले.

सहा.

पुन्हा मोजले. टेबलाखाली बघितलं, सतरंजी झटकली, केराची बादली पालथी केली. मग कोतातल्या सहाही रायफली एकेक काढून उजेडाकडे धरल्या. सहाही नळ्या साफ. सातवी दर्शनाच्या हातात होती, आणि दसऱ्याच्या सुट्टीमुळे पूजेनंतर तिच्यातून एकही गोळी सुटली नव्हती. तिच्या नळीत मी त्या दिवशी बघितलं होतं का? डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला, तर फक्त सरपंचांचं तोंड दिसलं.

मॅचच्या ठिकाणी नेम, वजन, चापाचा ताण, सगळं तपासतात. पण नळीत कोण बघणार? सरांचा विश्वास माझ्यावर. आणि पोरीला मीच शिकवलं होतं, नळी माझी, टार्गेट तुझं.

सरांना फोन लावला. बंद. मॅचच्या मैदानावर, म्हणजे रेंजवर, फोन बंद ठेवावे लागतात. मी सतरा वेळा लावला. मग पिशवीत गज आणि चिंध्या टाकल्या आणि रस्त्यावर आलो. सरळगावपर्यंत एका दूधवाल्याने सोडलं. तिथे किन्हवलीमार्गे शहापूरला जाणारी जीप उभी होती, आणि तीत चारच माणसं.

"बाबा, निघ रे लवकर," मी ड्रायव्हरला म्हणालो.

"दहा झाली का लगेच निघतो काका."

"माझ्या पोरीचा डोळा जाईल रे!"

माझी पोरगी नव्हती, पण तोंडातून तसंच आलं. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं, विडी फेकली आणि गाडी चालू केली. "कुठल्या दवाखान्यात न्यायचं?" त्याने विचारलं. दवाखाना नाही, बंदुकीची मॅच आहे, हे सांगितल्यावर त्याने एकदा मागे वळून बघितलं, पण वेग कमी केला नाही. दोन्ही बाजूंनी भातं पिवळी झाली होती, विळे घेऊन माणसं शेतात उतरली होती. दर वळणावर कोणीतरी हात करी आणि ड्रायव्हर बाहेर ओरडे, "आज नाय! पेशंट हाय!" मी मनात हिशेब करत होतो. बोळा तेलातला, म्हणजे चांगला घट्ट बसलेला. गोळी बारकी, म्हणजे कदाचित फुगवट्यावर निभावेल. कदाचित बोळा नुसता उडून जाईल. कदाचित. फौजेतल्या त्या माणसाच्या बाबतीतही कोणीतरी कदाचित म्हटलंच असेल.

शहापूरहून रिक्षा केली. रेंजच्या फाटकावर पोचलो तेव्हा आतून एकही आवाज येत नव्हता. एवढी शांतता मला आयुष्यात कधी बरी वाटली नव्हती. मी धावलो. मुली आपापल्या चटयांवर पालथ्या पडल्या होत्या. दर्शना तिसऱ्या जागेवर. तिने गोळी हातात घेतली होती.

"थांबा!" मी ओरडलो. "तिसरा नंबर, थांबा!"

रेंजवर धोका दिसला तर कोणीही थांबा म्हणू शकतं, तसा नियमच आहे. पण अख्खी रेंज माझ्याकडे वळली. तिथल्या अधिकारी बाई कडक होत्या. त्यांनी सगळ्यांना रायफली खाली ठेवायला लावल्या, माझं म्हणणं ऐकलं, दर्शनाच्या रायफलीचा बोल्ट काढला आणि नळी आकाशाकडे धरली.

"स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "बघा तुम्हीच."

मी बघितलं. उजेडाची गोल टिकली. आरपार.

इथे मी थांबायला हवं होतं. रायफल पोरीच्या हातात द्यायची, बाईंची माफी मागायची आणि मागे जाऊन बसायचं. पण मला दिसत होतं ते पटत नव्हतं. कापूस गेला कुठे? बोळा निसटताना आत एखादा धागा राहिला असेल तर? मी पिशवीतून गज काढला, चिंधी लावली.

"काका, पुसू नका," देसले सर म्हणाले.

"काका, नको," दर्शना म्हणाली. फक्त एवढंच.

मी गज घातला. चिंधी बाहेर आली, काळी, मेणकट. तिच्यात कापूस नव्हता. मग दुसरी चिंधी घातली. ती अर्धी आत गेल्यावर मला कळलं मी काय करतोय ते, पण तोवर नळीतला मेणाचा हात पुसला गेला होता. ज्या नळीत मी आठ दिवस जपून गज घातला नव्हता, ती मॅचच्या पाच मिनिटं आधी मीच लख्ख करून दिली.

बाईंनी तिला गेलेला वेळ भरून दिला. सरावाच्या गोळ्याही झाडता आल्या, पण थोड्याच. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. आवाज अगदी बरोबर येत होता, टक, टक, तिच्या रायफलीचाच. पण नळीत मेण अजून बसलं नव्हतं. पहिल्या दहात तिच्या गोळ्या वर आणि डावीकडे जात राहिल्या, आणि गोळी गेली की ती मान वळवून एकदा रायफलीकडे बघायची. तिने असं कधी केलं नव्हतं. पुढच्या फेऱ्यांत रायफल शहाणी झाली, पोरगीही सावरली. शेवटची फेरी तिने त्या दिवशीच्या सगळ्या मुलींत उत्तम मारली. निवड दोन गुणांनी हुकली.

रायफल पेटीत ठेवायला मी पुढे झालो, तर तिने पेटी जवळ ओढली. "नळी साफ हाय काका," ती म्हणाली. "आता नका पुसू."

घरी आलो तेव्हा मंदा तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं, वाटी, बोळे, जीप, गज. ऐकता ऐकता तिचा हात सुपात थांबला.

"त्या पितळी वाटीतला कापूस?"

"हो."

"एक मी घेतला. निरांजनातली वात संपत आलेली, प्रसाद वाटायचा व्हता. देवापुढचा दिवा विझला तर बरं नाय, म्हणून वाटीतला एक बोळा घेतला नि लावला."

म्हणून तो वास. सातवा बोळा माझ्या डोळ्यांसमोर जळत होता आणि मी तुपाला नावं ठेवत होतो.

"मला एक फोन करायचात," मंदा म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला. सरांना मी सतरा फोन केले. बायकोला एकही केला नाही. तिला रडताना बघून मलाही राहवेना. त्या रात्री आमच्या घरी कोणी जेवलं नाही.

दोन दिवसांनी मी टोकावड्याला गेलो. दर्शनाच्या वडिलांनी "बसा काका, च्या घ्या," म्हणून खुर्ची पुसून दिली. त्यांच्या चांगुलपणाने मी आणखीच मेलो. ती मागे कांदे चिरत होती. मी तिला निरांजनाची गोष्ट सांगितली.

"म्हंजे नळीत काय नव्हतंच?"

"नव्हतं."

"तुमी थांबवलंत ते बरोबर हाय," ती म्हणाली. मग कांदा अर्धा कापून थांबली. "पन तुमाला आरपार दिसत व्हतं ना?"

"दिसत होतं."

"मंग गज का घातलात?"

"मला भीती वाटली गो."

"मला पन वाटत व्हती," ती म्हणाली. "तुमी ओरडलात तवाच. मला वाटलं, काका आलेत, आता भ्यायचं काम नाय."

मॅच थांबवली ती तिच्यासाठी, आणि तशी वेळ आली तर पुन्हा थांबवीन. गज घातला तो माझ्यासाठी. माझी छाती धडधडायची थांबावी म्हणून मी तिची नळी पुसली. फौजेत नि क्लबात मिळून छत्तीस वर्षं मी भीतीला हुशारी म्हणत आलो होतो, आणि पुष्कळदा ती हुशारी होतीही. त्या दिवशी नव्हती.

ती क्लबात येणं बंद करील असं मला वाटलं होतं. पण ती आली. मुरबाडच्या कॉलेजात दाखल झाली, आणि पुढच्या वर्षी सरांनी तिला लहान मुलांना शिकवायला ठेवलं. मोठ्यांच्या संघात ती अजून पोचलेली नाही. प्रयत्न चालू आहेत, आणि मी त्याबद्दल तिला विचारत नाही.

ती शिकवायला लागली त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी कापूस घेऊन बसलो, तर दर्शना म्हणाली, "मी आनलेत." तिने वळलेल्या प्रत्येक बोळ्याला हातभर लाल फीत बांधलेली होती. नळीत बोळा असला की बाहेर फीत लोंबणार, आंधळ्यालाही दिसेल. एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती, कारण मला स्वतःवर फार भरवसा होता. पूजा झाली. मंदाने वातींचं अख्खं पाकीट आणलं होतं. दर्शनाने बोळे काढले, आणि मग मी जे कधी होऊ दिलं नव्हतं ते केलं. मुलांना ओळीने उभं केलं. ज्याची रायफल, त्याने नळी उजेडाकडे धरून बघायचं आणि मोठ्याने सांगायचं, "साफ." सात पोरांनी सात वेळा सांगितलं. फिती सतरंजीवर ओळीने मांडलेल्या होत्या.

मी तरी सातवी रायफल उचलायला हात पुढे केला. एकदाच बघावं म्हणून.

तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. "सात हाईत काका. मी बघितलं, पोरांनी बघितलं." आणि मग ज्या आवाजात मी तिला आठ वर्षं ओरडत आलो होतो, त्याच आवाजात म्हणाली, "जा, हात धुवा."

पोरं फिसफिसली. मी कोताच्या चाव्या तिच्यापुढे ठेवल्या आणि नळाकडे निघालो. चार पावलं गेलो, आणि पाय सवयीने थांबले. शेडच्या खांबापाशी मंदा उभी होती. नेहमीचा विनोद तिच्या ओठावर आला असणार.

मी पाचवं पाऊल टाकलं.